बाळ इतकं छान दिसतंय, तरी पीकेयूचा उपचार आजच सुरू करायचा?

नवी_पालवी

नमस्कार. लेक आज अकरा दिवसांची आहे. ती मांडीवर झोपली आहे आणि मी एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून रक्त काढून कागदावर ठिपके घेतले होते. मला वाटलं सगळ्यांचेच घेतात, विसरूनही गेले. आठव्या दिवशी फोन आला की ताबडतोब या, पुन्हा रक्त द्यायचंय. काल दुसरा रिपोर्ट आला. फिनाइलअ‍ॅलनिन २४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डॉक्टर म्हणाले, फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू. प्रथिनांमधला हा एक घटक तिच्या यकृताला पचवता येत नाही, तो रक्तात साठतो आणि मेंदूची वाढ बिघडवतो. आजपासून तो घटक नसलेला वेगळा फॉर्म्युला द्यायचा, अंगावरचं दूध काही दिवस पूर्ण बंद, मग मोजून परत सुरू.

घरात यावरून दोन दिवस नुसता गोंधळ चाललाय. सासूबाई माझ्या वाईटावर नाहीत, बाळंतपणात त्यांनीच सगळं केलंय. पण त्या म्हणतात, एवढी गुटगुटीत पोर, भूक लागली की रडते, पोट भरलं की झोपते, हिला आजारी कोण म्हणेल? आणि अंगावरचं दूध तोडून डब्यातली पावडर पाजायची? नवऱ्याचं म्हणणं आहे, महिनाभर थांबू, दुसरीकडे तिसरी तपासणी करू, मग ठरवू. मी स्वतः तिच्या डोळ्यांकडे बघत बसते. काहीही वेगळं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले ते खरं असेल तर मला दिसत का नाही?

फॉर्म्युलाचा डबा आणलाय, अजून उघडला नाही. ज्यांनी हे घरात निभावलं आहे त्यांनी कृपा करून लिहा. महिनाभर थांबलं तर खरंच फरक पडतो का? आणि उपचार केला तर ती इतर मुलांसारखी शिकेल का? मला खरं उत्तर हवंय, समजूत घालणारं नको.


रक्तठिपका

नवजात बाळांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी १६ वर्षं गेली आहेत. मी डॉक्टर नाही. तरी रिपोर्टबद्दल बोलू शकतो.

पहिल्या ठिपक्यावर आलेला वाढीव आकडा कधीकधी दुसऱ्या तपासणीत खाली येतो. काही वेळा बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असतं, काही वेळा यकृत अजून पूर्ण कामाला लागलेलं नसतं. पण तेव्हा आकडे ३, ४ असे असतात. निरोगी बाळात हे प्रमाण १ च्या आसपास असतं, २ च्या आत. तुमचा दुसऱ्यांदा घेतलेला आकडा २४ आहे. इतका आकडा चुकून येत नाही. २० च्या वरचा आकडा म्हणजे नेहमीचा, तीव्र पीकेयू असं धरतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, यात बरेच पालक घाबरतात. काही प्रयोगशाळा हाच आकडा मायक्रोमोलमध्ये देतात. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण ६० मायक्रोमोल प्रति लिटर. उद्या दुसरीकडून १४५० असा रिपोर्ट आला तर आजार वाढला असं समजू नका, तो हाच आकडा आहे.

डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की बीएच४ ची तपासणी पाठवली का. असा आकडा आलेल्या शंभरातल्या एकदोन बाळांत हा घटक पचवणारं मूळ विकर (एन्झाइम) ठीक असतं, पण त्याला लागणारा हा मदतनीस शरीरात तयार होत नाही. त्यांची औषधं वेगळी असतात, केवळ आहाराने भागत नाही. त्यासाठी लघवीचा आणि रक्ताचा नमुना जातो. मात्र नमुना गेला की त्याच तासाला फॉर्म्युला सुरू करायचा, निकालाची वाट बघत बसायचं नाही. तिसरी तपासणी करायची तर खुशाल करा, उपचार चालू ठेवून करा.


दोघांची_आई

तू म्हणते, राग मानू नकोस. तुझी पोस्ट वाचून हातातलं काम टाकून बसले आहे.

आधी डबा उघड. मग बाकीचं वाच.

मला दोन मुलं. दोघांनाही पीकेयू. मोठा १४ वर्षांचा, धाकटी ९ वर्षांची. आईवडील तेच, घर तेच. मोठ्याचं निदान २ वर्षं ४ महिन्यांचा असताना झालं, धाकटीचा उपचार आठव्या दिवशी सुरू झाला. तू विचारलंस महिन्याने फरक पडतो का. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर रोज एका टेबलाशी जेवायला बसतं.

मोठ्याच्या वेळी ही तपासणी झालीच नाही. तो तुझ्या लेकीसारखाच होता. भरलेले गाल, छान भूक. तुला दिसत नाही कारण अजून दिसण्यासारखं काही घडलेलंच नाही. पोटात होती तोवर तिचं जास्तीचं फिनाइलअ‍ॅलनिन नाळेतून तुझ्याकडे येत होतं आणि तुझं यकृत ते निस्तरत होतं. जन्मली, दूध प्यायला लागली, आणि त्या दिवसापासून ते तिच्या रक्तात चढायला लागलं. ११ दिवसांच्या बाळाकडून आपण काय बघतो? चोखतं, रडतं, झोपतं. एवढ्यासाठी जो मेंदू लागतो तो शाबूत असतो. जो मेंदू पुढे बोलायला, मोजायला, वाट बघायला लागतो, तो आत्ता बनतोय.

हे आत नेमकं काय होतं ते मला आमच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. रक्तातून मेंदूत जायला प्रथिनांतल्या या घटकांची ठरलेली वाट आहे. फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, सगळे एकाच वाहकावर बसून आत जातात. एकाचीच गर्दी झाली की बाकीचे बाहेर राहतात. मेंदूतले निरोप ज्या रसायनांनी जातात ती टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनपासूनच बनतात. शिवाय मज्जातंतूंवर जे आवरण चढायचं असतं तेही नीट चढत नाही, आणि ते चढण्याचा सगळ्यात वेगाचा काळ म्हणजे पहिली दोन वर्षं.

आमचा सहा महिन्यांपर्यंत हसायचा. मग हसणं कमी झालं. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे इसब आला, तो कशाने जाईना. नवव्या महिन्यात मान एकदम पुढे टाकायला लागला, दिवसातून दहावीस वेळा. आम्हाला वाटलं खेळ करतोय. त्या झटक्यांची औषधं सुरू झाली, पण झटके का येतात ते कुणी शोधलं नाही. आणि त्याला एक वास यायचा. बंद कपाटात ओले कपडे राहिले की येतो तसा. मी उशीचे अभ्रे रोज बदलायचे, त्याला दोनदा आंघोळ घालायचे. मी तीन ठिकाणी तो वास बोलून दाखवला. एकाने लिहूनसुद्धा घेतलं नाही.

पुढे मला कळलं की हा आजार जगाला माहीत झाला तोच एका आईने वासाचा नाद न सोडल्यामुळे. नॉर्वेत बोर्गनी एगेलँड नावाच्या बाई होत्या. लिव्ह आणि डाग ही त्यांची दोन मुलं, दोघांची वाढ खुंटलेली, दोघांना तोच विचित्र वास. वर्षानुवर्षं त्या डॉक्टरांकडे हिंडल्या. १९३४ साली अस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. तिथून त्यांनी ती हिरवी करणारा पदार्थ वेगळा करून ओळखला. उपचार मात्र तेव्हा नव्हता. उत्तर मिळालं, पण ते त्या दोन मुलांच्या कामी आलं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी खूप रडले. त्या आईसाठी, आणि आपल्यासाठीही.

आमचं निदान झालं तेव्हा आकडा २८ होता. तोवर मोठ्याला एकही शब्द येत नव्हता. चालत होता, पायांत अंतर ठेवून, डुलत. आहार सुरू केला. तीन आठवड्यांत इसब वाळला. दीड महिन्यात रात्रीची किंकाळी थांबली. मग एक गोष्ट झाली ती तुला सांगतेच. त्याचे केस भुरे होते. आमच्यात कुणाचे नाहीत, सगळ्यांना त्याचं कौतुक. चार महिन्यांनी केस कापायला बसवला आणि न्हाव्याने विचारलं, याचे केस रंगवले होते का? मी जवळ जाऊन बघितलं. मुळाशी बोटभर काळेभोर, आणि तिथून पुढे टोकापर्यंत भुरे. केसांचा रंगही टायरोसिनपासूनच बनतो. उपचार कधी सुरू झाला त्याची रेघ त्याच्या डोक्यावर उमटली होती. ती भुरी टोकं मी कागदात बांधून ठेवली आहेत. केस परत काळे आले. त्या २८ महिन्यांत मेंदूत जे व्हायचं राहिलं ते तसं परत आलं नाही.

उशिरा उपचार करून उपयोग नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस हं. झटके थांबले, तो माझ्या डोळ्यांत बघायला लागला, पाचव्या वर्षी मला "आई" म्हणाला. आज त्याला साधारण दोनशे शब्द येतात. विशेष शाळेत जातो, ताटं मांडतो, बहिणीला झोका देतो. तो आमचा आनंद आहे. पण त्याला एकट्याला रस्ता ओलांडता येणार नाही, आणि माझ्यामागे कोण, हा प्रश्न मला रोज रात्री पडतो.

आता धाकटी. तिच्या वेळी आम्हाला आधीच माहीत होतं की आम्ही दोघंही वाहक आहोत, म्हणजे आम्हाला आजार नाही पण तो मुलांना देऊ शकतो, आणि दर खेपेला चारात एक शक्यता आहे. दुसऱ्या दिवशीच रक्त पाठवलं. पाचव्या दिवशी आकडा १९. आठव्या दिवशी फॉर्म्युला. ती सातव्या महिन्यात बसली, अकराव्या महिन्यात उभी राहिली. मी तिच्या प्रत्येक गोष्टीची तारीख लिहून ठेवायचे आणि मोठ्याच्या तारखांशी ताडून बघायचे, आणि दर वेळी एकाच वेळी हसू आणि रडू यायचं. आता ती नेहमीच्या शाळेत चौथीत आहे. दिवसाला तिला अन्नातून ६ ग्रॅम प्रथिनं चालतात, बाकी सगळं फॉर्म्युलातून. १ ग्रॅम प्रथिन म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलनिन, हे तिला पाढ्यासारखं पाठ आहे. उकडलेला बटाटा स्वतः काट्यावर ठेवते, आकडा वहीत लिहिते आणि ओरडून सांगते, "आई, माझे दोन ग्रॅम उरले!" मांस, अंडी, चीज, डाळी तिने कधी चाखल्या नाहीत. तिला त्याचं फार वाईट वाटत नाही, मलाच वाटतं.

तू समजूत नको म्हणालीस म्हणून तेही लिहिते. सोपं नाहीये. फॉर्म्युलाला उग्र वास येतो आणि मोठेपणी सुरू केलेल्या मुलांना तो घशाखाली उतरत नाही. मोठ्याला चमच्याचमच्याने शिकवताना आम्ही सगळे रडलो आहोत. तुझी लेक मात्र ११ दिवसांची आहे, तिला तीच चव आपली वाटेल.

माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्या तुझ्या होऊ नयेत.

पहिली, आकडा जितका कमी तितकं चांगलं असं समजून मी धाकटीचं अंगावरचं दूध फार तोडलं. मोठ्यामुळे भेदरलेली होते. पाचव्या महिन्यात तिचा आकडा फारच खाली गेला. वजन थांबलं, लंगोटाच्या जागी सालटं निघाली, ती मलूल पडून राहायची. आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून सांगितलं की फिनाइलअ‍ॅलनिन हे विष नाही, ते शरीराला लागतंच, मिळालं नाही तर वाढ आणि मेंदू दोन्ही थांबतात. २ ते ६ च्या मध्ये ठेवायचं. खाली गेलं तरी फोन करायचा.

दुसरी, तिसऱ्या वर्षी तिला ताप आला, दोन दिवस काही खाल्लं नाही. मला वाटलं खाल्लंच नाही तर आकडा कसला चढणार. १४ निघाला. शरीराला बाहेरून ऊर्जा मिळाली नाही की ते स्वतःचे स्नायू मोडून वापरतं, आणि त्या प्रथिनांतूनही हेच निघतं. तापात फॉर्म्युला थोडाथोडा चालू ठेवायचा आणि साखर, स्टार्च यांतून ऊर्जा द्यायची. औषधाच्या सिरपमध्ये ॲस्पार्टेम आहे का तेही बाटलीवर वाचायचं. तो गोडवा फिनाइलअ‍ॅलनिनपासूनच बनतो.

सातव्या वर्षी शाळेच्या गडबडीत दोन महिने तिचा आकडा १० च्या वर राहिला. हुशारी कुठे गेली नाही, पण लक्ष लागेना. वहीत ओळ अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघत बसायची, साध्या बेरजेला रडायची. आकडा खाली आला तशी तीन आठवड्यांत वही पूर्ववत झाली. मी तिच्या वहीवरून आता रक्ताचा अंदाज करते.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखव. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. धाकटीच्या वेळी पहिली बाटली त्यांनीच भरली.


नवी_पालवी

ताई, काय लिहू. वाचताना घशात आवंढा आला. सासूबाईंना वाचून दाखवलं. केसांच्या ठिकाणी त्या उठून देवघरात गेल्या, मग येऊन म्हणाल्या, पाणी गरम करते. डबा उघडला. संध्याकाळी ६ ला पहिलं पाजलं, ४० मिली प्यायली. तोंड वाकडं केलं नाही.

बीएच४ चं विचारलं, नमुना कालच गेलाय म्हणाले.

अंगावरचं दूध कायमचं जाईल का? आणि आमच्या दोघांच्याही घरात हा आजार कुणाला नाही, मग माझ्याकडूनच आला का? हे मला कुणी घरात विचारलेलं नाही, मीच स्वतःला विचारतेय.


दोघांची_आई

जाणार नाही. या दिवसांत दर तीन तासांनी दूध काढत राहा, म्हणजे आटणार नाही. आईच्या दुधात बाकी दुधांपेक्षा फिनाइलअ‍ॅलनिन कमीच असतं. आकडा खाली आला की बहुतेक ठिकाणी असं करतात: आधी मोजून फॉर्म्युला, मग पोट भरेपर्यंत अंगावर. फॉर्म्युला किती हे दर आठवड्याच्या रक्तावरून ठरतं. मी धाकटीला चौदा महिने पाजलं.

आणि एकट्या तुझ्याकडून नाही आला. दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत आल्याशिवाय हा आजार होतच नाही. तुमच्यात एकेक प्रत चांगली आहे म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही, तुमच्या आईवडिलांनाही कळलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येतं. पुन्हा स्वतःला हा प्रश्न विचारू नकोस.


आहारावर_परतलेली

मी २९ वर्षांची, पीकेयू असलेली. आई म्हणून तुम्ही सगळ्या लिहिताय, मी त्या बाळाच्या बाजूने लिहिते.

माझा उपचार बाराव्या दिवशी सुरू झाला. पदवी घेतली, नोकरी करते. तेव्हा "इतरांसारखी शिकेल का" याचं माझ्यापुरतं उत्तर हो. पण सोळाव्या वर्षी मी आहार सोडला. पूर्वी असा समज होता की मेंदूची वाढ झाली की पुरे, कितीतरी मुलांना पाचव्यासहाव्या वर्षीच मोकळं सोडलं जायचं. मलाही वाटलं की मी आता मोठी आहे. आकडा १८, २० वर राहायला लागला. एका दिवसात काही होत नाही, हाच त्यातला धोका. हळूहळू वाचलेलं डोक्यात राहीना, दुकानात दोन वस्तूंतली एक निवडताना घाम फुटायचा, विनाकारण धास्ती वाटायची. मला वाटलं माझा स्वभावच असा आहे. चोविसाव्या वर्षी परत आहारावर आले आणि पाचसहा आठवड्यांत कुणीतरी काच पुसावी तसं झालं. आता तज्ज्ञ सरळ सांगतात, आहार जन्मभर.

लेक आहे म्हणून आत्ताच सांगते, पुढे उपयोगी पडेल. पीकेयू असलेल्या बाईचा आकडा गरोदरपणात चढा राहिला तर पोटातल्या बाळाचं डोकं लहान राहतं, हृदयात दोष येऊ शकतात, बुद्धीची वाढ खुंटते. बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी, कारण आईच्या रक्तातलंच त्याच्यापर्यंत जातं. मी दिवस राहण्याच्या आधी चार महिने आकडा ६ च्या खाली आणला आणि नऊ महिने आठवड्यातून दोनदा रक्त दिलं. माझी मुलगी आता सव्वा वर्षाची आहे, ती वाहक आहे, आजार नाही. तिच्या डोक्याचा घेर मोजताना डॉक्टरांच्या टेपकडे मी श्वास रोखून बघत होते.

माझ्या आईने लहानपणी एक केलं ते फार मोलाचं. माझं खाणं कधी लपवून ठेवलं नाही. दुसऱ्यांच्या घरी "हिला बरं नाही" असं न सांगता "हिचं जेवण वेगळं आहे" म्हणायची.


दूध_वर्ज्य

आमचा आजार वेगळा, पण नवीन आईने इतर आजारांच्या गोष्टी वाचून घाबरू नये किंवा उगाच निर्धास्तही होऊ नये, म्हणून लिहितो. मी बाबा आहे. मुलगा ६ वर्षांचा, गॅलॅक्टोसेमिया. दुधातल्या साखरेचा एक भाग त्याला चालत नाही.

तुमच्या लेकीसारखं तो छान दिसला नाही. चौथ्या दिवशी कावीळ, मग उलट्या, नवव्या दिवशी यकृत बंद पडत आलेलं आणि रक्तात जंतुसंसर्ग. दूध थांबवलं, आईचंही, कायमचं. तीन दिवसांत रंग पालटला. तो जगला तो त्या एका निर्णयामुळे. पण उपचार नवव्या दिवशी होऊनही त्याचं बोलणं उशिरा आलं. शब्द माहीत असायचे, तोंडातून बाहेर काढताना अडायचे. दीड वर्षाचा असल्यापासून वाचा उपचार चालू आहेत. आता वाक्यं बोलतो, गणित जड जातं. आम्ही दूध चुकून दिलं असेल का, असं मनाला खात बसलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं की नाही. या आजारात शरीर स्वतःही थोडं गॅलॅक्टोज बनवत राहतं, त्यामुळे वेळेवर सगळं करूनही काही मुलांना बोलण्याची आणि शिकण्याची अडचण येते.

आमच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर मेपल सिरप आजाराचं बाळ होतं. तिथे हिशेब दिवसांचाही नव्हता, तासांचा होता. आणि ओपीडीत एक मुलगी भेटायची, बायोटिनिडेजची कमतरता. रोज बायोटिन या जीवनसत्त्वाची एक गोळी, बस्स. शाळेत पहिली येते. तिच्या मोठ्या भावाला तीच गोळी उशिरा मिळाली, त्याचे झटके थांबले पण ऐकू येणं परत आलं नाही.

पीकेयूचं मला जे दिसलं ते असं की यात तुमच्या हातात पुष्कळ आहे. आमच्या हातात तेवढं नव्हतं. ते तुम्ही वापरा.


नवी_पालवी

आज चोवीस दिवस. मध्ये लिहायला जमलं नाही.

सोळाव्या दिवशी आकडा ९, अठराव्याला ५.१. अठराव्या दिवशीच संध्याकाळी तिला परत अंगावर घेतलं. सात दिवसांनी. मला भीती होती की ती विसरली असेल. नाही विसरली. आता आधी ५० मिली फॉर्म्युला, मग अंगावर. काल ४.४. बीएच४ चा निकाल चांगला आला, तो मदतनीस ठीक आहे, म्हणजे आहाराचाच रस्ता. नवरा रोज वही लिहितो, मी सांगितलंही नव्हतं.

दादा, तुमच्या मुलाला माझ्याकडून पापा. आणि "हिचं जेवण वेगळं आहे" हे वाक्य मी स्वयंपाकघरात लिहून लावलंय.

उद्यापासून रक्ताचा ठिपका घरीच घ्यायचाय. नर्सने एकदा दाखवलं, पण मी तिच्या टाचेकडे बघूच शकत नव्हते. दोनदा ठिपका अर्धवट आला म्हणून कार्ड परत आलं. काही युक्ती?


दोघांची_आई

४.४! आज आमच्या घरीही सांगितलं सगळ्यांना.

टाच आधी पाच मिनिटं कोमट ओल्या कपड्यात गुंडाळून ठेव, रक्त आपोआप येतं. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध नाही. पाय खाली लोंबता राहू दे. पहिला थेंब कापसाने पुसून टाक. दुसरा मोठा होऊन लोंबेपर्यंत थांब, घाई करून पिळू नकोस. मग कार्डाला एकदाच टेकव आणि मागून बघ, पलीकडे पूर्ण गोल भिजला पाहिजे. कमी पडला तर त्याच गोलात दुसरा थेंब टाकायचा नाही, शेजारचा गोल घ्यायचा. तू यावरच अडली असशील.

कार्ड आडवं ठेवून सावलीत तीनचार तास वाळव. पंखा, ऊन, हीटर काही नको. ओलं असताना पाकिटात घालू नकोस. आणि टोचण्याआधी तिला अंगावर घे. धाकटी पिता पिता झोपून जायची, कधी टोचलं ते तिला कळायचंही नाही.


रक्तठिपका

वरचं सगळं बरोबर. कार्डावर तारखेबरोबर रक्त घेतल्याची वेळ आणि आधीचं पाजणं किती वाजता झालं तेही लिहा. दर वेळी साधारण एकाच वेळेला घ्या, सकाळच्या पहिल्या पाजण्याआधी घेतलं तर उत्तम, म्हणजे या आठवड्याचा आकडा मागच्याशी ताडून बघता येतो.